थोरलीचा ढेकर

"मानवी आवाजाइतकी मोठी शक्ती या पृथ्वीच्या पाठीवर दुसरी," एवढं मी मायक्रोफोनमध्ये म्हणालो आणि मायक्रोफोन बंद पडला.

मांडवात शंभर-सव्वाशे माणसं होती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि शेजाऱ्याला विचारलं, "दुसरी कुठली म्हनला?"

ही एकोणऐंशी सालच्या नवरात्रातली, अष्टमीची संध्याकाळ. गाव हिवरखेडे, सोनदरीच्या धरणाखालचं. मी तेव्हा एका प्रचार खात्यात नोकरीला होतो. मुलं कमी होऊ द्या, झाडं जास्त लावा आणि पाणी उकळून प्या, एवढं गावोगाव सांगायचं काम होतं. लोक ते शांतपणे ऐकून घेत, कारण त्यानंतर मी विनोद सांगत असे. वय सव्वीस. आवाज चांगला होता, आणि तो चांगला आहे ही बातमी माझ्यापर्यंत पोचलेली होती. पुढं मी आयुष्यभर लिहून लोकांना हसवलं. अजूनही सभांना बोलावतात, मी जातो, पण माइक नको म्हणतो. घसा नाजूक आहे असं सांगतो. घसा ठणठणीत आहे.

मी मांडवातून उतरून गाडीपाशी गेलो. गाडी म्हणजे लष्करानं मोडीत काढलेला ट्रक. खात्यानं तो घेऊन रंगवला होता आणि टपावर भोंगा बसवला होता. ड्रायव्हर गेनबा कळसकर पायरीजवळची लोखंडी पेटी उघडून उकिडवा बसला होता. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. त्याचा बाप बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायचा, आणि गेनबाही ट्रकशी बैलाशी बोलावं तसाच बोलायचा.

"काय झालं, गेनबा?"

"धाकटी बसली, साहेब."

पेटीत दोन बॅटऱ्या होत्या. ट्रक लष्करी, त्याला चोवीस व्होल्ट लागायचे, म्हणून बारा-बाराच्या दोन एकापुढं एक जोडलेल्या. भोंग्याचं मशीन मात्र बाराचं. चोवीस दिले असते तर ते जळलं असतं. चोवीसाचे बारा करून देणारा एक डबा मिळतो, तो आम्ही खात्याकडं मागितला होता. खात्यानं उलट विचारलं होतं, गाडी चोवीसची असताना यंत्र बाराचं का घेतलं याचा लेखी खुलासा करावा. दोन्ही वस्तू खात्यानंच पाठवल्या होत्या, तसा खुलासा मी केला होता. त्यावर विचार चालू होता.

तोवर गेनबानं मशीन दोघींपैकी एकीवरच जोडलं होतं. जिच्यावर मशीन ती धाकटी, दुसरी थोरली.

"सुनांसारखं हाय बगा," त्यानं मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "इंजिन म्हंजी सासू. दोघींना सारकंच वाढती. धाकटी गाडीचंबी करती आन् तुमच्या मशीनचंबी करती, म्हनून ती उपाशी. थोरली निस्ती बसून खाती. तिला अजीर्ण."

"मग?"

"मग शनवारी मी दोघींच्या जागा बदलतो. थोरलीला धाकटी करायची, धाकटीला थोरली. आठ-आठ दिवस आळीपाळीनं. म्हंजी घर टिकतं."

"आणि नाही बदललं तर?"

"थोरली ढेकर देती," गेनबा म्हणाला. "तो ढेकर वाईट."

मला हे इतकं आवडलं होतं की मी ते दोन गावांत विनोद म्हणून सांगितलंही होतं. बायका फार हसल्या होत्या, विशेषतः धाकट्या सुना.

तर त्या संध्याकाळी गेनबा पाना हातात घेऊन म्हणाला, "आज शनवार हाय. आत्ताच बदलतो. धा मिंटं."

मी मांडवाकडं पाहिलं. दोन-तीन माणसं उठून चपला शोधत होती.

"दहा मिनिटांत मांडव रिकामा होईल. इंजिन चालू ठेवून नाही का चालणार?"

"चालंल. पन धाकटी जेवता जेवता राबंल, आन् थोरलीच्या तोंडात उगा कोंबल्यावानी हुईल."

"भाषण झाल्यावर बदला मग."

गेनबानं आकाशाकडं पाहिलं. उजेड कलला होता. "दिवेलागणीला हत्यारं पाटावर जात्यात, साहेब."

हा त्याच्या घरचा रिवाज होता. अष्टमीच्या दिवेलागणीला सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा. खंडेनवमीला त्यांची पूजा. मग दसऱ्याला शिलंगणाला निघतानाच उचलायची. मधे त्यांना हात नाही. बापाची ऐरण बापानं कधी त्या दिवसांत वाजवली नव्हती.

"एकदा उशीर झाला तर देवी रागावेल का?" मी विचारलं. मी तेव्हा असे प्रश्न विचारत असे.

गेनबानं पाना खाली ठेवला आणि जाऊन इंजिन चालू केलं. मशीनचा दिवा लागला. मी मांडवात परतून पाऊण तास बोललो. सुनांचा विनोदही सांगितला. गेनबा ट्रकच्या दाराला टेकून ऐकत होता आणि मी पाहिलं, तोही हसत होता. भाषण संपलं तेव्हा देवीपुढं समया लागल्या होत्या. गेनबानं डाकबंगल्यावरच्या चांगुणाबाईंकडून एक पाट मागून आणला, तो ट्रकमध्ये आमच्या दोघांच्या बसायच्या जागेमधे ठेवला आणि त्यावर पाने, पकड, हातोडी ओळीनं मांडली.

माझं ते पहिलं वाक्य मात्र अर्धंच राहिलं होतं. रात्री अंथरुणावर ते मला टोचत होतं.

सकाळी उठलो तो वासानं.

"चांगुणाबाई," मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अंडं नासलंय का कुठं?"

चांगुणाबाई डाकबंगल्यावर स्वयंपाक करत. नऊ दिवस अनवाणी होत्या आणि एकवेळ जेवत होत्या, त्यामुळं त्यांच्याशी जपून बोलावं लागे.

"नवरात्रात अंडं?" त्या म्हणाल्या. "माझ्या चुलीवर? तुमीच बगा तुमच्या बॅगंत काय ते. शिकलेली मानसं तुमी."

मी खरंच बॅग पाहिली. मग मोजे हुंगले. मोजे निर्दोष होते. वास बाहेरून येत होता, आणि ट्रककडं जावं तसा वाढत होता.

गेनबा पेटीचं झाकण उघडून उभा होता. आदल्या दिवशी तो बसला होता, आज उभा होता, आणि थोडा लांब.

"दिला काय ढेकर?" मी गमतीनं म्हणालो.

"रातीच दिला असंल." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "तुमी सिगारेट वडत असाल तर तिकडं जावा."

थोरलीच्या दोन्ही बाजू फुगून आल्या होत्या. वरच्या बुचांच्या भोवती ओल होती. गेनबानं बुचं हातानंच सैल केली, तिच्यात बाटलीतलं पाणी ओतलं. आत कोणीतरी कुजबुजावं तसा आवाज होत होता.

"आज गाडी हालवायची न्हाई," तो म्हणाला. "उद्या शिलंगणाला पाना उचलला की पयलं हेच काम. तवर तिला गार बसू द्या."

मी हो म्हणालो. मलाही सुटीच हवी होती.

साडेदहाच्या सुमाराला धरणावरचे शाखा अभियंता मुळेकर मोटारसायकलवरून आले. दाढी वाढलेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी गाडी स्टँडला न लावताच बोलायला सुरुवात केली.

"वर घाटमाथ्यावर काल दुपारपासून पाऊस आहे. धरण भरलं. बारा वाजता दारं उचलतोय. तुमचा भोंगा पाहिजे."

"तुमचा सायरन?"

"दुरुस्तीला दिलाय."

"केव्हा?"

"आत्ता तारीख सांगू का तुम्हाला, आठल्ये?" मुळेकर म्हणाले. "गावं उंचावर आहेत, गावांना काही होत नाही. पण खंडेनवमी आहे. निम्मा तालुका नदीत उतरून ट्रॅक्टर धुतोय. हे हिवरखेडं, मग पिंपळदरा, आणि शेवटी बेटवाडी. बेटवाडीला नदीमधल्या बेटावर धनगरांचा तळ आहे. बायकापोरं धरून अकरा माणसं. तिथं पाणी पोचेल दीडला. पोचलं की बेट राहत नाही."

मी गेनबाकडं पाहिलं. गेनबा पेटीकडं पाहत होता.

"निघू," तो म्हणाला.

हिवरखेड्याच्या उतारावर सगळं नीट झालं. मी ओरडलो, माणसं वर आली. एकजण म्हणाला, एवढं एक चाक राहिलंय. गेनबानं त्याला जे सांगितलं ते मी मशीनमधून सांगू शकलो नसतो. पिंपळदऱ्याला आवाज बसायला लागला. म्हणजे माझा नाही, भोंग्याचा. आधी एखाद्या वृद्ध गृहस्थाचा झाला, मग डासाचा. लोकांनी आमचे हातवारे पाहून काय ते ओळखलं आणि बैल बाहेर काढले. गाडीत तो वास आता बसून राहिला होता. पाटावरचे झेंडू हादऱ्यांनी इकडंतिकडं सरकत होते आणि मी ते पुन्हापुन्हा पान्यांवर ठेवत होतो. देवावर माझा विश्वास नव्हता. हाताला काहीतरी काम हवं होतं.

बेटवाडीला पोचलो तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

आमच्या बाजूला नदी खोल होती, काळी, आणि वरच्या अंगाला बंधारा. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं आणि त्याचा एकसारखा घोष चालला होता. पलीकडं बेट. बेटाच्या पल्याड गुडघाभर पाण्याचा उतार आणि पैलतीर. तिकडं जायला आम्हाला रस्ता नव्हता. धनगरांना होता, दहा मिनिटांचा, जर कोणी सांगितलं तर.

मी बटण दाबलं. दिवा लागला नाही. बाहेर येऊन काठावर उभा राहिलो आणि तोंडाशी हात धरून ओरडलो. मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. मी दोन्ही हात हलवले.

बेटावर एक बाई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि हात हलवला. मग शेजारच्या दोघींनीही हलवला. सणाचा दिवस होता. एका म्हाताऱ्यानं फेटा नीट केला आणि रामराम घातला.

मी जितका जोरानं हात हलवला तितक्याच अगत्यानं तेही हलवत राहिले.

"किती दिसत्यात?" मागून गेनबानं विचारलं.

मी मोजले. "अकरा."

तो ट्रकमध्ये चढला. मी दारातून पाहत होतो. त्यानं पाटावरचा झेंडू दोन बोटांनी बाजूला केला, मोठा पाना उचलला, कपाळाला लावला आणि खाली उतरला.

"धाकटी आतनं मेली," तो म्हणाला. "तिच्या वाटचंबी आता थोरलीच खाती. मशीन थोरलीवर घेतो. पाट घ्या."

"पाट?"

"तुमी मागं पाटावर मशीन ठिवून बसा. थोरलीवर जोडलं की मशीनच्या पत्र्यात जीव येतो. तो पत्रा गाडीच्या लोखंडाला लागला की ठिणगी. आन् हितं ठिणगी नगं." त्यानं पेटीचं झाकण वर केलं. तो वास असा आला की मी मागं सरलो. थोरली आता कुजबुजत नव्हती, भातासारखी खदखदत होती. "बटन बंद हाय न्हवं? चालू बटनावर वायर जोडली-काढली तरी ठिणगी पडती."

मी पाहिलं, बंद केलं, पुन्हा पाहिलं. "बंद आहे."

"मी सांगंपतूर तसंच."

मी मशीन पाटावर घेऊन बसलो. गेनबानं उरलेली हत्यारं फडक्यात गुंडाळून आपल्या सीटवर ठेवली होती. खाली पाना वाजत होता, हळू, एकेक फेरा. इंजिन चालू होतं. बंद केलं असतं तर मेलेल्या धाकटीच्या जिवावर पुन्हा लागलं नसतं.

"लावा," गेनबा म्हणाला.

दिवा लागला. मी मायक्रोफोन तोंडाशी धरला, आणि माझा आवाज टपावरून निघाला तो नदी ओलांडून समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. असा आवाज त्या मशीननं कधी दिला नव्हता.

"बेटावरच्या लोकांनो, धरणाचं पाणी सुटलंय. मेंढरं सोडा. माणसं पलीकडं काढा. लगेच."

हलणारे हात थांबले. म्हाताऱ्यानं बंधाऱ्याकडं पाहिलं, मग बायकांकडं वळून काहीतरी बोलला. त्यानंतर बेटावर कोणी आमच्याकडं पाहिलं नाही. पोरं खांद्यावर गेली, एक घोडं सुटलं, मेंढरं त्यांच्यामागं एका गोळ्यासारखी पाण्यात उतरली. मी बोलत राहिलो. डावीकडून जा, सांगितलं. भांडी राहू द्या, सांगितलं. चुलीपाशी परतलेल्या बाईला मी "आक्का, मागं फिरा" म्हणालो आणि ती मागं फिरली. दोन फर्लांगांवरची बाई.

एक वाजून वीस मिनिटांनी पैलतीरावर मी पुन्हा अकरा मोजले.

बंधाऱ्याचा घोष बदलला होता. पाणी आता पडत नव्हतं, बंधाऱ्यावरून सरळ चालत येत होतं, तपकिरी. त्यात एक दारासकट झोपडीचं छप्पर होतं. बेट आधी अरुंद झालं, मग तिथं नुसती चूल दिसली, मग काही नाही.

"झालं, साहेब," खालून गेनबा म्हणाला. "बटन बंद करा. वायर काढतो. ही लई तापली."

"हो," मी म्हणालो.

पैलतीरावर अकरा माणसं उभी होती, सगळी माझ्याकडं तोंड करून. असा श्रोतृवर्ग मला पुन्हा मिळाला नाही. हातात मायक्रोफोन होता, आणि आदल्या संध्याकाळपासून एक वाक्य अर्धं होतं.

"मानवी आवाजाइतकी मोठी शक्ती," मी म्हणालो, आणि ते डोंगरावरून परत आलं, "या पृथ्वीच्या पाठीवर दुसरी"

इथं मी थांबलो. चांगला वक्ता अशा जागी थांबतो.

आवाज झाला तो डोंगरावरून परत आला नाही, इतका जवळ झाला. ट्रक एका बाजूनं उचलून ठेवल्यासारखा हलला. मी पाटावरून पडलो. बाहेर येऊन पाहिलं तर पेटीच्या जागी काळं भोक होतं, आणि गेनबा दोन पावलं मागं, गुडघ्यांवर, तोंडावर दोन्ही हात धरून. सदरा भोकाभोकांनी विरघळत होता. तो ओरडत नव्हता.

"पानी," तो म्हणाला. "डोळ्यांत तेजाब गेलं. पानी घाला, साहेब. थांबू नगा."

रेडिएटरसाठी ठेवलेला डबा मी त्याच्या तोंडावर ओतला. त्याचे हात ओढून बाजूला केले, पापण्या बोटांनी उघडल्या, ओतला. डबा संपला. मी नदीकडं धावायला वळलो आणि धावावं लागलं नाही. पाणी रस्त्याला लागलं होतं. मी वाकून डबा भरत होतो आणि ओतत होतो, भरत होतो आणि ओतत होतो, किती वेळ ते माहीत नाही. पैलतीरावरून कोणीतरी हात हलवत होतं. बेटवाडीची माणसं आवाज ऐकून बैलगाडी घेऊन आली, तोवर मी एक शब्दही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. तालुक्याच्या दवाखान्यात गेनबा खाटेवर होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. उजवा राहील, डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितलं होतं. डाव्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

मी स्टुलावर बसलो. सगळी रात्र मी काय बोलायचं ते ठरवत होतो.

"गेनबा, मी आहे."

"वळखलं. आवाजावरनं."

"मला तुम्हाला एक सांगायचंय. बटण चालूच होतं. मी हो म्हणालो, पण बंद केलं नव्हतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "तुमी बोलत हुतासा की. ऐकू येत हुतं."

"मग वायर का काढली?"

पट्ट्यांमुळं गेनबा कुठं पाहतोय हे कळत नव्हतं.

"तुमी थांबलासा," तो म्हणाला. "मला वाटलं, संपलं."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नातेवाइकांनी आपट्याची पानं दिली. एक पान त्यांनी मलाही दिलं. मी ते हातात धरून बसलो. मग मी बोलायला लागलो. शनिवारच्या दहा मिनिटांबद्दल, देवीच्या रागाबद्दल मी जे म्हणालो त्याबद्दल, त्याच्या सुनांच्या गोष्टीवर मी मिळवलेल्या टाळ्यांबद्दल. बरंच काही होतं. वाक्यं चांगली जमत होती, आणि ती चांगली जमताहेत हे मला कळतही होतं.

"साहेब," गेनबा मधेच म्हणाला.

मी थांबलो.

"तेवढा पाट चांगुणाबाईला पोचवा. आज पुरनपोळी हाय तिच्याकडं. बसायला लागंल."